बाणला काम काय?

दादूचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि पलीकडनं आवाज आला, "ताई, हस्की घ्यायचाय." मला आधी वाटलं गाडी घेतोय, हल्ली गाड्यांची नावं अशीच असतात. म्हटलं डिझेल घेऊ नको. मग कळलं की कुत्रा.

दादू म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, राहायला कऱ्हाडला, तिसरा मजला, वन बीएचके, नवरा-बायको दोघं सकाळी नऊला बाहेर ते संध्याकाळी सातला घरात. निळ्या डोळ्यांच्या हस्कीचं कुठलं तरी रील बघितलं आणि दोघांनाही येड लागलं. आमच्या घरी कुत्रा आहे म्हणून सगळ्या भावकीत मी एक्स्पर्ट, त्यामुळं असले फोन मलाच. मी म्हटलं, अरे एप्रिलात कऱ्हाडला पंख्याचा वारा पण गरम लागतो आणि तो सायबेरियातला प्राणी, अंगावर केसांचे दोन-दोन थर घेऊन बर्फावर गाड्या ओढणारा. तर म्हणतो, एसी लावू की.

"बरं, एसी लाव. पण त्याला काम काय देणार?"

"काम? कुत्र्याला?"

इथंच सगळं अडतं बघा. हस्की नुसता दिसायला तसा नाही, चुकची लोकांनी पिढ्यान् पिढ्या ओढायच्या कामासाठी जपलेलं कुत्रं आहे ते. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध पोचवलं ते असल्याच कुत्र्यांनी, बर्फातनं, टोळ्या बदलत बदलत, हजारभर किलोमीटर. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना वन बीएचकेत नऊ ते सात कोंडलं तर ती सोफा ओढणार, पडदे ओढणार, आणखी काय करणार?

माझं मत एवढंच की जातिवंत कुत्रं घेताना आपण रंग बघतो, कान बघतो, डोळे बघतो, पण घरात येतं ते त्याचं जुनं काम. काम दिलं नाही तर ते आपलं आपण शोधतं, आणि खरं सांगू का, त्यातच त्याची सगळी मजा असते.

आमच्या गोडोलीच्या बिल्डिंगीत खाली ब्रुनो राहतो. लॅब्रेडॉर, म्हणजे लॅब. साताऱ्यातल्या निम्म्या लॅबांचं नाव ब्रुनो असावं असा माझा अंदाज आहे, उरलेले लिओ. तर एकदा सकाळी आमच्या दारासमोर दुधाची पिशवी. आमच्याकडं गवळ्याचं दूध येतं, पिशवी आम्ही घेतच नाही. उचलली तर ओली, चिकट, पण गच्च भरलेली, एक भोक नाही की कोपरा फाटलेला नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिकडं वरच्या काकूंचं दूधवाल्याशी कडाक्याचं भांडण चाललेलं, की तू पिशव्या कमी टाकतोस. तिसऱ्या दिवशी मी दार किलकिलं करून बसले, तर जिन्यावरनं ब्रुनो येतोय, तोंडात पिशवी, दोन्ही बाजूंनी लोंबती, मान ताठ, डोळे अर्धे मिटलेले, जणू हळदीकुंकवाचं तबक घेऊन निघालाय. दारासमोर अलगद ठेवली, माझ्याकडं बघितलं, शेपटीनं भिंत बडवली आणि लगेच खाली, दुसरी आणायला.

त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. लॅब्रेडॉर मुळात लॅब्रेडॉरचा नाहीच, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. तिथले कोळी ह्याच्या पूर्वजांना गार पाण्यात सोडायचे, सुटलेला मासा आण, जाळ्याची दोरी आण. तिथनं ती कुत्री इंग्लंडात गेली आणि साहेब लोकांनी गोळी घालून पाडलेले पक्षी उचलून आणायला लावली, तेही पक्ष्याला दात न लागता, कारण चावलेला पक्षी साहेबाच्या टेबलावर कसा ठेवणार? ते मऊ तोंड आता गोडोलीत दुधाच्या पिशव्या वाहतंय. पक्षी नाही तर पिशवी, पण आणून द्यायचं म्हणजे द्यायचं.

आणि त्याची ती भूक! काकूंनी तव्यावर भाकरी टाकली की खाली ब्रुनोचे कान उभे. मालकीणबाई रोज सांगतात की आत्ताच जेवलाय हो, देऊ नका काही, पण तो असा तोंड करून बसतो की दुष्काळातनं आलाय. ह्यात त्याची चूक नाही बरं का. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जीनचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळं 'आता बास' असं त्याला आतनं नीट कळतच नाही. हे मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, मग आमच्या ह्यांच्यात पण तो तुकडा नसणार.

जर्मन शेफर्डला आमचे अण्णा शेवटपर्यंत अल्सेशियनच म्हणायचे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन म्हटलं की इंग्रजांच्या कपाळाला आठ्या, म्हणून त्यांनी नावच बदलून टाकलं आणि ते बदललेलं नाव इंग्रजांबरोबर आपल्याकडं येऊन मुक्कामाला राहिलं. माझ्या मैत्रिणीकडं सदर बझारात एक मादी होती, हीरा. मैत्रिणीच्या मुलाचा वाढदिवस, अंगणात सतरंजी, दहा-बारा पोरं, आणि हीरा त्या सतरंजीच्या कडेकडेनं नुसती फिरतीय, गोल गोल, भुंकणं नाही, चावणं नाही. एखादं पोरगं सतरंजीच्या बाहेर पडलं की नाकानं ढोसून आत. केक कापेपर्यंत सगळी पोरं मधोमध गोळा. कुणाला तरी वाटलं कुत्री बिथरली. बिथरलेली नव्हती, ड्युटीवर होती. जर्मनीत ही कुत्री मेंढरांच्या कळपाभोवती दिवसभर अशाच चकरा मारायची, मेंढरं शेजारच्या पिकात शिरू नयेत म्हणून, चालतंबोलतं कुंपणच म्हणा. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या कॅप्टननं १८९९ साली असाच एक कुत्रा बघितला, जागच्या जागी विकत घेतला आणि तिथनं ही जात कागदावर आली. पुढं मेंढरं कमी झाली म्हणून त्यानंच ह्यांना पोलिसात आणि लष्करात चिकटवलं. पण हीराच्या लेखी आपण सगळे अजून मेंढरंच.

डॉबरमनचं एका वाक्यात सांगते, ही जात ज्यानं तयार केली तो कार्ल डॉबरमन जर्मनीतल्या आपोल्डा गावचा करवसुलीवाला होता, आणि आमच्या समोरच्या बंगल्यात डॉबरमन पाळलाय ते गृहस्थ पतसंस्थेच्या वसुलीत आहेत. योगायोग असेल.

पगबद्दल मात्र मी जरा कडू बोलते, लोकांना राग येतो. २००३ च्या आसपास ती हच मोबाइल कंपनीची जाहिरात आली, पोराच्या मागं मागं फिरणारा पग, आणि गावोगाव पग दिसायला लागले. गोड आहे, नाही कोण म्हणतंय, चीनच्या राजवाड्यात मांडीवर बसायचं हेच त्याचं पिढीजात काम आणि ते तो अजून इमानानं करतो. पण नाक इतकं आत दाबलंय की जिना चढला तरी धाप, उन्हात नेलं तर जीवावर बेततं, झोपला की घोरणं आख्ख्या मजल्याला ऐकू जातं. गोड दिसावं म्हणून श्वास काढून घेतलाय बिचाऱ्याचा. मला बघवत नाही, पुढं जाऊ.

आता आमचा बाण.

बाण कारवानी आहे. म्हणजे थोडा गावठी पण असणार, कारण मामांनी दहिवडीहनं पिल्लू दिलं तेव्हा बापाचं नाव खात्रीनं सांगता आलं नाही. पण उंच पाय, लांबुळकं तोंड, आत ओढलेलं पोट, सगळं कारवानीचं. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर इकडं आली म्हणून कारवानी, असं सांगतात. कर्नाटकात हीच मुधोळ. मुधोळच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली, विलायतेला गेले तेव्हा पंचम जॉर्जला जोडी भेट दिली म्हणतात. २००५ साली पोस्टानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे, आणि मागं सैन्यानंही ह्यांची पिल्लं मेरठला ट्रेनिंगला नेली. हे सगळं मी बाणला वाचून दाखवलं. त्यानं कूस बदलली.

कारण घरात कारवानी म्हणजे वाळत घातलेलं धोतर. जिथं टाकाल तिथं पडून. सोफ्यावर एक टोक इकडं, एक तिकडं, मधे बरगड्या. ह्या बरगड्यांनी मला फार छळलंय. ही जातच अशी, शिडशिडीत, पळायला केलेली, तीन-चार बरगड्या दिसायलाच पाहिजेत, पण फिरायला नेलं की चारातला एक माणूस थांबून विचारणारच, "काय हो मॅडम, पोटाला घालत नाय का ह्याला?" एक आजी तर रोज पदराखालनं चपाती काढून त्याला देतात आणि मला ऐकू जाईल असं पुटपुटतात, मोठ्या लोकांची मनं लहान. मी सुरुवातीला समजावून सांगायचे. आता 'हो, गरिबी आहे' म्हणते आणि चालू लागते.

बॉल टाकला तर बाण बॉलकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो. तू टाकलास, तूच आण. ब्रुनो मधल्या मधे दोनदा आणून देतो. बाणचं काम आणण्याचं नाहीच, बघण्याचं आहे. बाकीची कुत्री नाकावर चालतात, हा डोळ्यांवर. माणच्या माळावर लांब कुठंतरी सशाचा कान हलला तरी ह्याच्या आजोबाला दिसायचा, तसं मामा सांगतात. आता शिकारीला कायद्यानं बंदी आणि तेच बरं, म्हणून फिरायला नेताना पट्टा हातात दोनदा गुंडाळलेला असतो. आम्ही सकाळी चार भिंतीवर जातो. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची ही जागा, दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या बायकांना बघता यावी म्हणून बांधली म्हणे. म्हणजे जागा पण बघण्यासाठीच. तिथं पोचलं की बाणचा धोतरपणा गळून पडतो, मान वर, कान मागं, एक पाय उचललेला, आणि खाली आख्खं सातारा पसरलेलं असताना हा भलतीकडंच, समोरच्या डोंगराच्या कुठल्यातरी ठिपक्याकडं टक लावून. मी डोळे बारीक करते, चष्मा पुसते, मला काही दिसत नाही. पाच मिनिटांनी तो ठिपका पुढं सरकतो आणि कळतं की शेळी आहे.

तो सोबत म्हणून कसा, असं विचारलं तर हेच सांगेन. अंगचटीला येत नाही, उगाच भुंकत नाही, अनोळखी माणसानं कुरवाळलं तर तोंड फिरवतो. पण मी शेजारी उभी राहिले की त्याचा खांदा हळूच माझ्या मांडीला टेकतो. बघत असतो समोर, टेकलेला असतो मला.

आमच्या गल्लीतली राणी मात्र कुणाचीच नाही. गावठी, तांबडी, एक कान पडका. तिला कुणी निवडून निवडून बनवलेलं नाही, उन्हा-पावसानं बनवलंय, त्यामुळं त्वचेचे, कंबरेचे ते महागडे आजार तिला ठाऊक नाहीत. मराठीत कुत्र्याबद्दल बरी म्हण शोधून दाखवा मला, शेपूट वाकडं, हाल कुत्रं खाईना, सगळं असलंच, आणि तिकडं दत्ताच्या फोटोत पायाशी चार कुत्री बसलेली, ती म्हणे चार वेद. दिसायला ती राणीचीच भावंडं दिसतात. राणीनं स्वतःला काम लावून घेतलंय, पहाटे पेपरवाल्या पोराबरोबर गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत जायचं आणि त्याला रस्त्याला लावून परत यायचं. पगार एक पार्ले-जी. आणि संगम माहुलीला तर थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्याची समाधीच आहे, ज्यानं शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं असं सांगतात, ज्याला पालखीचा मान होता. तिथं गेलेला कुणीही खंड्याचं ब्रीड कुठलं असं विचारत नाही.

परवाच्या रविवारी दादू आला, बायकोला घेऊन. हस्कीचा विषय एव्हाना डोक्यातनं गेला होता, आता बीगलवर आले होते. म्हटलं आधी चला चार भिंतीवर. वर पोचलो, वारा मस्त सुटलेला, आणि दादू बाणकडं बघत म्हणाला, "सगळ्या कुत्र्यांची कामं सांगितलीस ताई, पण ह्याला काम काय?" मी कौतुकानं सांगायला तोंड उघडलं, नजर, माळ, काफिले, आणि तेवढ्यात बाणची मान वर गेली, पाय उचलला, कान मागं. म्हटलं बघ, आता बघ, काहीतरी दिसलंय त्याला. पट्टा सुटलाच हातातनं. उतारावरनं तो जो गेला, चारी पाय एकदम हवेत, मातीला लागतोय की नाही कळत नव्हतं, दादूची बायको नुसती "अगं बाई" म्हणत राहिली, आणि पार खाली झुडपांपाशी त्यानं झेप घेऊन ते पकडलं.

पांढरी कॅरीबॅग. वाऱ्यानं उडत चाललेली.

पकडली, दोनदा झटकली, मेली ह्याची खात्री केली आणि तिथंच टाकून झुडपाच्या सावलीत आडवा झाला. आणायला मीच गेले.