आमची वाटचाल: भरणापासून अभ्र्यापर्यंत

आमच्या कामाची सुरुवात कापूस पिंजून उशा भरण्यापासून झाली. कापसाची उशी घाम शोषते आणि गालाला गार लागते, पण तिला मुळात उसळी कमी. रोजच्या भाराने तंतू एकमेकांत गुंततात, मधोमध खळगा पडतो आणि कडेला गठ्ठे जमतात. म्हणून १७ बाय २७ इंचांच्या उशीत आम्ही सव्वा किलोच्या आसपास कापूस भरतो आणि खोळीची एक आखूड बाजू मुद्दाम हाताने शिवतो. तेवढीच उसवली की कापूस काढून पुन्हा पिंजता येतो. अशी उशी धुऊ नये. आतला कापूस वाळायला फार वेळ घेतो आणि तोवर कुबट वास धरतो. तिला उन्हात टाकावं, मधेच उलटावं आणि हाताने थोपटावं.

सावरीचा कापूस याहून पुष्कळ हलका. त्याचा तंतू आतून पोकळ आणि बाहेरून गुळगुळीत असतो, त्यामुळे ओल पटकन धरत नाही. पण हाच गुळगुळीतपणा अडचणीचा ठरतो. साध्या विणीच्या कापडातून तो बाहेर झिरपतो आणि चादरीवर पिसं पसरल्यासारखं दिसतं. त्याला घट्ट विणीची खोळच हवी. वर्षागणिक त्याचे तंतू तुटून भुगा होतो, आणि धुळीचा त्रास असलेल्यांना तो आम्ही देत नाही.

पुढे होलो फायबर आलं, म्हणजे आतून पोकळ असलेले पॉलिस्टरचे तंतू. त्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात आणि उशी दाबून सोडली की फुलते. याच मापाच्या उशीला ७०० ते ९०० ग्रॅम पुरतं. भरताना आधी चारही कोपरे हाताने ठासायचे, मग कडा, शेवटी मधला भाग. हा क्रम चुकला तर कोपरे रिकामे लोंबतात आणि नंतर कितीही भरलं तरी मधेच फुगवटा येतो. विकत घेणाऱ्याने उशी दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू चोळून पाहावी. बोटांना गाठी लागल्या तर आत मोकळा न केलेला किंवा उरलासुरला तंतू आहे. पॅकिंगमधून दाबून आलेल्या उशीची परीक्षा मात्र लगेच करू नये. ती झटकून दिवसभर मोकळी ठेवावी, तेव्हा तिची खरी उंची कळते.

आमच्या कामाला खरं वळण मिळालं ते उंचीमुळे. पूर्वी गिऱ्हाइकाला ‘मऊ हवी की कडक’ एवढंच विचारलं जायचं. आता पहिला प्रश्न असतो, कुशीवर झोपता, उताणे की पालथे? कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्यामुळे डोकं आणि गादी यांत मोठी पोकळी राहते, ती उशीने भरायची असते. मापाची रीत सोपी आहे. भिंतीला खांदा टेकवून सरळ उभं राहायचं, मान ताठ ठेवायची आणि भिंतीपासून डोक्याच्या बाजूपर्यंतचं अंतर दुसऱ्याला मोजायला सांगायचं. बहुतेकांचं ते ४ ते ६ इंच भरतं. गादी मऊ असेल तर खांदा आत रुततो, तेव्हा त्यातून इंचभर वजा करायचा. उताण्या झोपणाऱ्याला ३ ते ४ इंच पुरतात. पालथं झोपणाऱ्याला अगदी पातळ उशी द्यावी किंवा देऊच नये.

हे सगळे आकडे उशी दबल्यावरचे आहेत. फायबरची ७ इंच फुगलेली उशी डोक्याखाली ४ इंचांवर येते, तर लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या फोमची, ५ इंचांची जवळपास तेवढीच राहते. म्हणून पाकिटावरची उंची वाचून निवड करू नये. आडवं होऊनच पाहावं. कुशीवर असताना नाकाची रेषा गादीला समांतर हवी आणि उताणं असताना हनुवटी छातीकडे झुकू नये. खांदे उशीवर नको, फक्त मान आणि डोकं. वर्षाच्या आतल्या बाळासाठी आम्ही उशी विकत नाही, कारण त्या वयात ती धोक्याची असते.

मेमरी फोम म्हणजे दाबला की अंगाचा आकार घेणारा आणि सोडला की हळूहळू पूर्ववत होणारा फोम. त्याचा शोध १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांवर चाललेल्या संशोधनातून लागला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे गार खोलीत सुरुवातीला कडक वाटतो. पाण्यात पिळला तर फाटतो, म्हणून फक्त वरची खोळ धुवायची. लॅटेक्सला ऊन सोसत नाही. उन्हाने तो पिवळा पडून ठिसूळ होतो. कापसाच्या उशीची सवय असलेली माणसं तोही नेमाने उन्हात टाकतात, म्हणून आम्ही ही सूचना खोळीवरच शिवतो.

सजावटीच्या उशांचं काम नंतर वाढलं, आणि तिथे आम्ही एक नियम कडक ठेवला आहे: दिसायची उशी वेगळी, झोपायची वेगळी. जरीकाम, टिकल्या, मणी गालाला टोचतात आणि धुण्यात उसवतात, त्यांची जागा पुढच्या रांगेत. सहा फुटी पलंगावर मागे झोपायच्या दोन उशा, त्यांच्यापुढे १८ इंची चौकोनी दोन आणि मधे १२ बाय २० ची एक आडवी, एवढं भरपूर झालं. त्याहून जास्त झाल्या तर रात्री ठेवायच्या कुठे हा प्रश्न येतो आणि त्या जमिनीवर धूळ खातात. कापड निवडताना एक मोठ्या नक्षीचं, एक बारीक नक्षीचं आणि एक साधं घ्यावं. साध्याचा रंग पडद्यातून किंवा चादरीतून उचलावा.

आतली उशी खोळीपेक्षा २ इंचांनी मोठी हवी. १६ च्या खोळीत १६ चीच भरली तर ती सैल पडते. चौकोनी खोळीचे कोपरे कानांसारखे टोकदार दिसू नयेत म्हणून शिवताना प्रत्येक कोपऱ्यात अर्धा इंच आत खूण करायची आणि तिथून ४ इंचांपर्यंत रेष कडेला नेऊन मिळवायची. मखमलीचे सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापावे लागतात. एक जरी उलटा गेला तरी एकाच ताग्यातल्या दोन उशा दोन रंगांच्या दिसतात.

साध्या अभ्र्याला १७ बाय २७ साठी १८ बाय ६२ इंच कापड लागतं: दोन्ही बाजूंचे ५४, आत दुमडायच्या झडपेचे ६ आणि दोन्ही टोकांच्या दुमडीचे २. सुती कापड आधी भिजवून वाळवावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात अभ्रा आखडतो आणि उशी चेपते. फायबरची उशी मशीनमध्ये धुताना दोन एकदम घालाव्यात, म्हणजे ड्रमचा तोल राहतो. बाहेरून कोरडी लागली तरी मधे दाबून ओल तपासावी.

आता झोपायच्या फायबर उशीच्या आतल्या खोळीला आम्ही चेन लावतो आणि दीडशे ग्रॅम भरण वेगळ्या पिशवीत देतो. आठवडाभर वापरून डोकं खाली झुकतंय असं वाटलं तर मूठभर घालावं, मान वर उचलली जात असेल तर मूठभर काढावं. काढताना मधूनच काढायचं, कोपऱ्यांना हात लावायचा नाही.