मोत्या, जुनी कॅराव्हॅन आणि नलारबोरचा रस्ता

ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्रा नेता येत नाही. हे अ‍ॅडलेडहून निघतानाच ठाऊक होतं. तरीसुद्धा सोळा फुटी कॅराव्हॅन मागे जोडून बावीसशे किलोमीटर पार केल्यावर, ज्या किनाऱ्यासाठी एवढं आलो त्याच्याच वाटेवर कुत्र्याच्या चित्रावर लाल रेघ मारलेली पाटी दिसली, आणि मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

किनारा म्हणजे लकी बे. एस्परन्सपासून साठेक किलोमीटरवर, केप ली ग्रँड राष्ट्रीय उद्यानात. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीनं १८०२ मध्ये धोक्याच्या खडकांतून वाट काढत इथं जहाज नांगरलं आणि हे नाव दिलं. पिठासारखी पांढरी वाळू आहे आणि कांगारू थेट किनाऱ्यावर येऊन बसतात. मोत्याला गाडीत बंद करून जाणं शक्य नव्हतं. जुलैत इकडे हिवाळा असला तरी उन्हात उभी गाडी तापते, आणि तसं करणं कायद्यानंही क्रूरतेत जमा होतं. कॅराव्हॅनमध्ये एकटं ठेवावं, तर आम्ही उतरलो होतो त्या पार्कमध्ये त्यालाही मनाई. मग एक दिवस मी गेले, दुसऱ्या दिवशी नवरा गेला. लकी बेवर आमच्या दोघांचा एकत्र एकही फोटो नाही.

मला नियमाची चीड येते ती तो सरसकट आहे म्हणून. पट्टा बांधलेला, चिप बसवलेला, कौन्सिलकडे नोंदवलेला कुत्रा वाहनतळापासून पन्नास पावलं वाळूवर चालला तर नेमकं काय बिघडतं? त्याच वाळूवर मोठाल्या फोर-व्हील गाड्या फिरतात, त्यांचे टायर जमीन उकरतात, ते चालतं. लोक कांगारूंच्या तोंडाशी मोबाइल धरतात, तेही चालून जातं. एक तास ठरवून द्या, एक पट्टा आखून द्या, त्याचे पैसे घ्या. इतक्या बारकाईनं नियम करणाऱ्या देशाला एवढं जमू नये? कॅराव्हॅनच्या ब्रेकसाठी वजनाचे टप्पे पाडलेत: ७५० किलोच्या वर ब्रेक हवेत, २,००० किलोच्या वर गाडीपासून सुटली तर आपोआप लागणारे ब्रेक हवेत. कुत्र्याच्या बाबतीत मात्र एकच शब्द, नाही.

कारणं मला समजतात. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी कुत्रा जवळ आला तरी घरटं सोडतात. शिवाय इथं दुसरी भीती आहे ती १०८० या विषाची. परदेशातून आलेल्या कोल्ह्यांनी आणि मांजरांनी इथले छोटे प्राणी संपवत आणले, म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९६ पासून मोठ्या प्रमाणावर विषारी मांसाचे तुकडे टाकतात. या विषाचं मूळ द्रव्य तिथल्याच काही झुडपांत नैसर्गिकरीत्या असतं, त्यामुळे ती झुडपं खात पिढ्या घालवलेल्या स्थानिक प्राण्यांना ते बरंचसं सोसतं. कुत्र्याला अजिबात सोसत नाही आणि त्यावर उतारा नाही. पोर्ट ऑगस्टाला मी मोत्यासाठी जाळीचं मुसकं घेतलं आणि पुढे रस्त्याकडेला उतरताना दर वेळी ते चढवलं. कळतं सगळं. पण आपल्या दाजीपूरच्या जंगलात गव्यांच्या वाटेवर गावातली कुत्री माणसांबरोबर चालताना मी लहानपणी पाहिलीत, आणि गवे अजून आहेत. हा युक्तिवाद पुरता पडत नाही, असं नवरा म्हणतो. मला तो पुरतो.

मोत्या तांबडा, केल्पी जातीचा, निम्मा आणखी कशाचा तरी. लांबून पाहिलं तर कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या आमच्या गल्लीतलाच वाटतो. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणला तेव्हा त्याला आधीच्या दोन घरांनी परत केलेलं होतं. त्याला कुठं ठेवून जायचं म्हटलं की खाणं सोडतो. म्हणून दर सुट्टीला कॅराव्हॅन. भारतात नेऊन परत आणणं जवळपास अशक्य, कारण भारत मान्य देशांच्या यादीत नाही. कुत्र्याला आधी यादीतल्या तिसऱ्या देशात ठेवायचं, तिथं तपासण्या, मग इकडे येऊन विलगीकरण. यात वर्षाचा मोठा भाग जातो. हे इतकं सविस्तर सांगते आहे कारण आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका चुलतभावानं लिहिलं, "कुत्र्यासाठी सुट्टी मिळते, माणसांसाठी मिळत नाही." दिवाळीत आम्ही दोघं मिळून आलो नाही, मी एकटी आले, त्यावरून. एकटी आले हे त्यानं लिहिलं नाही. आईची बाजू वेगळी. वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणारं आमचं घर, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतातच, त्यामुळे तिनं मोत्याला कधी नावं ठेवली नाहीत. चांगलं घर सोडून माणसं चाकांवर का राहतात, एवढंच तिला पटत नाही.

त्याचं उत्तर मला नलारबोरच्या ओसाड माळावर मिळालं, आणि ते कुत्र्यामुळेच मिळालं.

पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन हा एअर महामार्ग सुमारे १,६६० किलोमीटरचा आहे. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन एअर इकडून चालत गेला. पूर्ण रस्त्यावर डांबर पडायला १९७६ उजाडलं. सेदुनानंतर मोठं गाव असं नाहीच, दर शंभर-दोनशे किलोमीटरवर एक रोडहाउस: पेट्रोल, चहा, चार खोल्या. नंड्रूच्या पुढे रस्ता डिंगो या जंगली कुत्र्यांना अडवणाऱ्या कुंपणाला छेदून जातो. पूर्वेकडच्या मेंढ्या वाचवायला घातलेलं ५,६१४ किलोमीटरचं हे कुंपण समुद्राच्या कड्यापर्यंत येऊन संपतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर कॅराव्हॅनचा फ्रिज उघडून तपासला, माझा कढीपत्ता आणि मध काढून घेतला. भाज्या आम्ही आदल्या रात्रीच संपवल्या होत्या. त्यानंतर घड्याळ पाऊण तास मागे.

बिघाड झाला तो मदुराच्या पुढे. मदुरा हे नाव वाचून मी आधीच थबकले होते. १८७६ मध्ये तिथं घोड्यांची पैदास सुरू झाली, ती भारतातल्या ब्रिटिश फौजेसाठी. त्या ओसाड माळावरून घोडे आपल्याकडे जहाजानं यायचे. मदुराचा चढ चढून वर आलो आणि डावीकडच्या आरशात कॅराव्हॅनच्या चाकातून धूर दिसला. विश्रांतीच्या जागेवर गाडी घेतली. हबला हात लावता येईना, ग्रीस बाहेर उडून रिमवर काळं पडलेलं, जळका वास. बेअरिंग गेलं होतं. निघण्याआधी अ‍ॅडलेडमधल्या एका गॅरेजनं चाकांचं काम केल्याचं बिल माझ्याकडे आहे. काय केलं ते त्यांनाच माहीत. पश्चिमेला नॉर्समन सव्वापाचशे किलोमीटर, पूर्वेला सेदुना पावणेसातशे. मोबाइलला रेंज नाही.

पाचच मिनिटांत एक कॅराव्हॅन आमच्या मागे येऊन थांबली. त्यातून आधी निळसर हीलर जातीची एक म्हातारी कुत्री उतरली, मग व्हायला नावाच्या गावातल्या पोलाद कारखान्यात आयुष्यभर डिझेल फिटर म्हणून काम केलेले आजोबा आणि त्यांच्या मागून आजी. मोत्या आणि ती कुत्री एकमेकांना हुंगत उभी राहिली तोवर आजोबा जॅक लावून चाक काढायला बसलेही होते. आजी नंतर म्हणाल्या, "गाडी बिघडलेली दिसली म्हणून वेग कमी केला, पण कुत्रा दिसला तेव्हा आम्ही थांबलोच." आमच्या रंगाची दोन माणसं रस्त्यात उभी असताना थांबायचं की नाही, असा विचार इथं कुणी करतं का हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही. आजींना तर विचारणं शक्यच नव्हतं, इतक्या पटकन त्यांनी किटली ठेवली.

आजोबांकडे आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात ग्रीस भरून ठेवलेली जादा बेअरिंग होती. इथली अनुभवी माणसं ती ठेवतातच. पण इथल्या ट्रेलरना मुख्यतः दोन मापांची बेअरिंग लागतात, एकाला होल्डन म्हणतात, दुसऱ्याला फोर्ड. दोन्ही कंपन्यांनी ऑस्ट्रेलियात मोटारी बनवणं बंद केलं, होल्डनची शेवटची मोटार तर आमच्या अ‍ॅडलेडमधूनच २०१७ मध्ये बाहेर पडली. त्यांची बेअरिंग मात्र देशभरच्या कॅराव्हॅनांत फिरताहेत. आजोबांचं होतं फोर्ड, आमचं होल्डन.

त्यांनी रेडिओ उचलला. कॅराव्हॅनवाले १८ नंबरच्या चॅनलवर बोलतात, ट्रकवाले ४० वर. १८ वर हाक दिली, उत्तर आलं नाही. ४० वर दिली तर एका ट्रकवाल्यानं घेतली, आणि त्याचा आवाज ऐकून मी नवऱ्याचा हात धरला. पंजाबी मुलगा होता. पर्थकडे चालला होता. मी हिंदीत बोलले तेव्हा त्याचा सूरच बदलला. "दीदी, फिकर मत करो," म्हणाला आणि पुढच्या सगळ्या टापूत निरोप पसरवत गेला: मदुराच्या वर होल्डन बेअरिंग हवं आहे. आमच्याजवळून जाताना ट्रकचा वेग कमी करून भोंगा वाजवला. त्याचा चेहरा मला दिसलाही नाही.

काही वेळानं समोरून, म्हणजे पश्चिमेकडून, एक बाई एकट्या आल्या. दोन कुत्री शेजारच्या सीटवर. निवृत्त नर्स, नवरा गेल्यापासून कॅराव्हॅनमध्येच राहतात. कॉकलबिडीच्या रोडहाउसवर निरोप ऐकला आणि तेवढ्यासाठी उलट्या फिरल्या. त्यांच्या टपात होल्डनचा जोड होता.

पुढचं काम मी केलं, आणि हे मी अभिमानानं सांगते. आमच्या वडिलांची शिवाजी उद्यमनगरात लेथची शेड होती. शाळा सुटल्यावर मी तिथं बसायचे. हबमधला जुना कप छिन्नीनं सगळ्या बाजूंनी सारखा ठोकून कसा काढायचा, नवा तिरका न होता कसा बसवायचा, तळव्यावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटीतून दुसऱ्या बाजूनं बाहेर येईतो बेअरिंग कसं दाबायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. अक्षदंडावर ओरखडे आले होते ते आजोबांनी पॉलिश पेपरनं घासले. मी नट आवळला, थोडा सैल केला, चाक हातानं हलवून पाहिलं, नवी कॉटर पिन घातली. आजोबा माझ्या हाताकडे पाहत होते. "हे कुठं शिकलीस?" म्हणाले. मी कोल्हापूरचं नाव सांगितलं. शेताच्या पंपांची इंजिनं आणि साखर कारखान्यांचे सुटे भाग आमच्या गावात बनतात, हे सांगितलं. ते पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. अ‍ॅडलेडच्या ऑफिसात इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

मला इथं एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर असं झालं असतं तर अर्ध्या तासात एखादा मिस्त्री मोटरसायकलवर आला असता आणि संध्याकाळच्या आत आम्ही घरी असतो. इकडचे लोक माणुसकीत आपल्यापेक्षा पुढे आहेत, असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे मिस्त्री दर मैलावर आहे, इथं नाही, म्हणून इथं प्रत्येकाला थोडा मिस्त्री व्हावं लागतं आणि थांबावं लागतं. पण त्या नर्सबाई उलट्या फिरल्या होत्या, हे मात्र मला कशाशी तोलता येत नाही.

त्या रात्री तिन्ही कॅराव्हॅन कॉकलबिडीला लागल्या. नर्सबाईंची वाट पश्चिमेचीच होती, आमचं चाक नीट चालतंय हे पाहत त्या आमच्या मागून आल्या. मध्ये दोनदा थांबून हबला हात लावून पाहिला, कोमटच होता. कोल्हापूरहून आणलेली भाजणी होती, ती सीमेवर कुणी काढून घेतली नाही. कांदा नव्हता, पण कांदा-लसूण चटणी होती. थालीपीठं लावली. आजोबांनी चार खाल्ली, वर लोणी मागून घेतलं. चार कुत्री खुर्च्यांच्या मधून फिरत होती आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. आजी त्यांच्या पर्थला गेलेल्या मुलाबद्दल बोलल्या, जो फोन करत नाही. मी माझ्या आईबद्दल बोलले.

नर्सबाईंनी बेअरिंगचे पैसे घेतले नाहीत. नवा जोड घेऊन दे म्हणाल्या. तो मी एस्परन्सला घेतला आणि त्या आता जिथं आहेत तिथल्या पोस्टात पाठवला. आमच्या डब्यात आता दोन्ही मापं आहेत. आम्हाला एकच लागतं. दुसरं ज्याला लागेल त्याच्यासाठी.

तर चुलतभावाला माझं म्हणणं असं आहे. मोत्या नसता तर आम्ही विमानानं पर्थला गेलो असतो, हॉटेलात राहिलो असतो, लकी बेवर एकत्र फोटो काढला असता. ते सगळं आम्हाला परवडतं. मोत्यामुळे आमच्यासाठी या देशातल्या कितीतरी सुंदर जागा बंद आहेत, आणि त्याबद्दलचा माझा राग वर लिहिलाच आहे. पण इतकी वर्षं इथं राहून शेजारच्या घरात आम्ही दोनदा चहा प्यायलो असू. कॅराव्हॅन पार्कमध्ये कुत्र्याला फिरवायला निघालं की पाण्याच्या नळापर्यंत चार जणांशी बोलणं होतं. आम्हाला इथं ओळखी हव्या होत्या, आणि त्या अशा मिळाल्या.

व्हायलाच्या आजोबांचा परवा फोन होता. पुढच्या एप्रिलमध्ये फ्लिंडर्स डोंगररांगांत जायचं ठरतंय. तिथलं राष्ट्रीय उद्यानही कुत्र्यांना बंद आहे, पण त्याला लागून असलेल्या मेंढ्यांच्या एका स्टेशनवर, म्हणजे मोठ्या पशुपालन फार्मवर, पट्टा बांधून कुत्री चालतात. त्यांनी दोन जागा धरून ठेवल्यात. आईला सांगितलं तर तिनं आधी विचारलं, त्या आजींच्या मुलाचा फोन आला का. आला नाही अजून. मग म्हणाली, भाजणी जास्त करून पाठवते.