काय झालंय, हे विचारायची मनाई

इथे नेदरलँड्समध्ये, आमच्या विद्यापीठातल्या विभागातल्या एक प्राध्यापक मॅडम परवा अचानक रजेवर गेल्या. ईमेलला उत्तर आलं: आजारी आहे, परतायची तारीख ठरलेली नाही. मी शेजारच्या डच सहकाऱ्याला विचारलं, "काय झालंय त्यांना?" तो म्हणाला, "माहीत नाही. विभागप्रमुखांनाही ते त्यांना विचारता येत नाही."

खरंच येत नाही. नेदरलँड्समध्ये प्राध्यापकांसारखेच बहुतेक पीएचडीवालेही विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात, साधारण चार वर्षांच्या करारावर. आजारी पडलं की फक्त कळवायचं. आजार कोणता, हे विद्यापीठाने विचारणं कायद्यात बसत नाही. ते बोलायचं कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या डॉक्टरांशी, आणि ते वर एवढंच कळवतात की हा माणूस किती तास, कोणतं काम करू शकेल. करार चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षं, किमान ७० टक्के पगार. मनाने खचलेला माणूसही मोजक्या तासांपासून पुन्हा सुरुवात करू शकतो, तेही कुणाला कारण न सांगता! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलेय.

म्हणून युरोपात सगळं आलबेल आहे असं नाही. शेजारच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात २०१७ सालच्या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश पीएचडीवाल्यांना मानसिक विकाराचा धोका दिसला होता. आणि नाशकात एमएस्सीला असताना मी दोन दिवस दिसले नाही, तर लॅबमधले मामा मैत्रिणीकडे चौकशी करायचे. सर गंगापूर रोडवर चहा पाजून विचारायचे, "काय गं, बरी आहेस ना?" त्या चौकशीने मला सावरलंय. 'तुमच्याकडे मानसिक आरोग्याचं भानच नाही' असं इथे कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण ते सर स्वतः सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेली, पीएचडी झालेली, तरी पैसे फक्त शिकवलेल्या तासांचेच, आणि उन्हाळ्यात तेही नाहीत. त्यांची झोप उडाली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आजारी पडलं तर तास बुडणार, जूनमध्ये पुन्हा नेमणूक होईल की नाही याचा घोर वेगळाच. त्यांची चौकशी कोण करणार होतं? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, तो मी सगळ्यांना पाठवतेच. पण त्यांना हवी होती पगारी रजा.

आई म्हणते, आता इकडेच येऊन शिकव. मला शिकवायचंय, नाशकातच शिकवायचंय. पण सरांसारखं तासांवर नाही येणार मी, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.