घरचा फोन वर्गात चालवायचा तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत 'आपापलं उपकरण घेऊन या' म्हटलं की टॅब-लॅपटॉप येत नाहीत. येतो तो घरातला एकुलता एक स्मार्टफोन, आणि तोही वडिलांबरोबर सकाळीच उद्यमबागेत फाउंड्रीवर गेलेला नसेल तर. चाळीसच्या वर्गात दहा फोन जमले तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. म्हणून पाठ चार मुलांमागे एक फोन धरूनच आखावा. ज्याचा फोन तोच बोटं चालवतो, बाकीचे तिघे मान वाकडी करून बघतात; दर पाच-सात मिनिटांनी फोन पुढच्याच्या हातात, हा नियम पहिल्याच दिवशी लावावा.

सगळ्यात मोठी अडचण नेटची. शाळेच्या कनेक्शनवर किंवा सरांच्या हॉटस्पॉटवर विसंबलं की तास वाया गेला समजा. हॉटस्पॉटला बहुतेक फोन आठ-दहाच जोडण्या घेतात. त्यापेक्षा एक साधा राउटर आणि एक जुना लॅपटॉप घ्यावा आणि वर्गात इंटरनेटच नको. लॅपटॉपवर कोलिब्री (इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवली की मुलं फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता (आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि शेवटी :8080 टाकून धडे उघडतात. फोनवर काहीच बसवावं लागत नाही, त्यामुळे फोटोंनी गच्च भरलेला फोनही चालतो. आपले व्हिडिओ आणि पीडीएफ मात्र आधी कोलिब्री स्टुडिओ या तिच्या वेबसाइटवर चढवून मग लॅपटॉपवर उतरवावे लागतात. तेवढ्यापुरतं नेट लागतं. ते काम शाळा सुटल्यावर करावं.

आता काय बिघडतं ते. फोन वायफायला जोडला आणि पान उघडत नाही, तर तीन गोष्टी बघा. पहिली, लॅपटॉपवर विंडोज असेल तर वायफायचा प्रकार 'पब्लिक' असतो आणि फायरवॉल (विंडोजचा पहारेकरी) बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना अडवते. तो 'प्रायव्हेट' करा आणि कोलिब्रीला परवानगी द्या. दुसरी, राउटरचं 'गेस्ट' वायफाय वापरू नका. त्यात जोडलेली यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त छळते. या वायफायला इंटरनेट नाही हे अँड्रॉइडच्या लक्षात येतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. उपाय सोपा: आधी विमान मोड चालू, मग त्यातच वायफाय चालू. याने तासात फोन वाजणंही थांबतं. घरच्यांना निकडीसाठी शाळेचा नंबर तेवढा देऊन ठेवा.

लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो बदलतो आणि फळ्यावर लिहिलेला पत्ता निकामी होतो. ठरावीक फोनच जोडू द्यायचे म्हणून मॅक पत्त्यांची (प्रत्येक फोनच्या वायफायच्या ओळखक्रमांकांची) यादी करत बसू नका. अँड्रॉइड 10 पासून फोन सहसा दर वायफायला बनावट मॅक पत्ता दाखवतात. फोन रिसेट झाला की तो बदलतो आणि यादीचा घोळ होतो. पासवर्ड दर महिन्याला बदलला तरी पुरे.

व्हिडिओ 480पी आणि एच.264 या प्रकारातच ठेवा, एच.265 हा नवा प्रकार जुन्या फोनवर नुसता आवाज देतो किंवा तेही नाही. सेकंदाला एक मेगाबिटच्या हिशेबाने दहा मिनिटांचा व्हिडिओ 75 एमबी होतो. दहा फोनांना घरगुती राउटर पुरतो, तीस फोन एकदम व्हिडिओ बघायला लागले की अडखळतो. तेव्हा निम्मे गट व्हिडिओवर, निम्मे प्रश्नांवर.

खानापूरकडे पावसाळ्यात हेस्कॉमची वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते. राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक वापरणार असाल तर त्याला 5 व्होल्ट 3 अँपिअर लागतात. कमी पडलं की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं, आणि वीज अचानक गेली तर मेमरी कार्डावरचा डेटा खराब होऊ शकतो. फोन घरूनच चार्ज करून आणायचे, वर्गात चार्जर नकोत.

फोन वडिलांचा, म्हणजे त्यात यूपीआय आहे, घरचे मेसेज आहेत. सेटिंगमध्ये 'अतिथी' वापरकर्ता मिळाला तर तोच उघडून द्यावा. काही कंपन्या तो देत नाहीत. मग ब्राउझर उघडून अॅप पिन करा, म्हणजे पडद्यावर तेवढंच अॅप राहतं, आणि बाहेर पडताना पिन (लॉकचा आकडा) विचारण्याचा पर्याय चालू ठेवा. तो पिन मुलाला माहीत असेल तर उपयोग नाही, हे पालकांना सांगायला हवं. मुलांची खाती लॅपटॉपवरच्या कोलिब्रीतच बनवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. बाहेरच्या अॅपांत नाव-नंबर भरायला लावून ती कटकट ओढवून घेऊ नये.

आणि एक खास आपल्याकडची फसगत. दीक्षा या सरकारी शिक्षण अॅपवर माध्यम मराठी निवडलं की मुलं सवयीने बोर्ड महाराष्ट्राचा निवडतात. आपली पुस्तकं कर्नाटकाची आहेत. महाराष्ट्रात दहावीचं गणित दोन भागांत, बीजगणित आणि भूमिती वेगळी. आपल्याकडे एकच विषय, तोही एनसीईआरटीच्या धर्तीवर. यूट्यूबवरचे बहुतेक मराठी धडेही तिकडचेच, त्यामुळे प्रकरणाचा क्रमांक सांगून शोधायला लावू नका, घटकाचं नाव द्या. जीबोर्ड या फोनच्या कीबोर्ड अॅपमध्ये मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही पाट्या (कीबोर्ड) आधीच घालून ठेवा. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. उत्तर टाइप करायच्या वेळी पाटी शोधण्यातच अर्धा तास जातो, तो असा वाचतो.