पंप चालू, पाणी जागच्या जागी

२०२१ च्या जुलैअखेरीस सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५४ फुटांच्या आसपास जाऊन ओसरू लागले आणि बाजारपेठेतील तळघरे उपसण्याची कामे एकदम अंगावर आली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, त्यामुळे दुकानदारांना हा प्रकार नवा नव्हता. एका व्यापारी इमारतीच्या तळघरात पाच फूट पाणी उरले होते. संपमधला, म्हणजे पाणी जमण्याच्या खड्ड्यातला, दोन अश्वशक्तीचा थ्री-फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप आदल्या रात्रभर चालला होता, एकदाही ट्रिप झाला नव्हता, आणि तरीही भिंतीवरची पाण्याची खूण चार बोटेसुद्धा खाली आली नव्हती. इमारतीचे सेक्रेटरी, जुने कापडवाले शेठ, मोठा पंप मागवायला निघाले होते. मी त्यांना दुपारपर्यंत थांबण्याची विनंती केली.

तळघरातला संप म्हणजे फरशीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात केलेला खड्डा. जमिनीतून पाझरणारे आणि रॅम्पवरून उतरणारे पाणी त्यात जमते, पातळी वाढली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, उचलला जाऊन पंप सुरू होतो, आणि पंप थांबल्यावर उभ्या पाइपातले पाणी परत खड्ड्यात येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते अडवून धरतो. यंत्रणा एवढीच असल्याने पंप फिरत असूनही पाणी हटत नसेल, तर कारणेही मोजकीच असतात. इंपेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पात्यांच्या चाकात, चिंधी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकते, व्हॉल्व्हची झडप चिकटते, पंपात हवा कोंडते, किंवा तुंबलेल्या गटारात सोडलेले पाणी दुसऱ्या वाटेने पुन्हा तळघरात उतरते.

मी आधी पाइपाचे बाहेरचे तोंड पाहिले. तेथे पाणी येत होते, पण जेमतेम करंगळीएवढ्या धारेने. तारेभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर तिन्ही फेजचा करंट सारखा होता, म्हणजे एखादा फेज गेल्याचीही शंका मिटली. मग मी शेठना विचारले, की पुरानंतर विजेच्या कामात काय काय बदलले? जुने पॅनेल पाण्यात गेल्यामुळे नवे पॅनेल पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसवले होते आणि पंपाची केबल तेथपर्यंत वाढवून जोडली होती.

मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातले आणि मगच माझा सहकारी पाण्यात उतरला. (पूर ओसरल्यावर तळघरात उतरणारी माणसे हे पहिले काम हमखास विसरतात, आणि पाण्याखालच्या केबलचे इन्सुलेशन शाबूत असेलच असे कोणीही सांगू शकत नाही.) साखळीने पंप वर ओढून रॅम्पच्या कोरड्या भागावर मोकळा टांगला, केबलचे इन्सुलेशन मेगर या मीटरने तपासले आणि क्षणभरच स्विच दिला. इंपेलर ज्या दिशेने फिरतो, त्याच्या विरुद्ध दिशेने पंपाच्या अंगाला झटका बसतो. वरून सहकारी म्हणाला, "दादा, हा उलटाच झटका मारतोय की!" नव्या पॅनेलमध्ये जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली होती आणि पंप रात्रभर उलटा फिरला होता. असा पंप फसवतो, कारण इंपेलर कोणत्याही दिशेने फिरला तरी पाणी बाहेरच फेकतो. मात्र पात्यांचा बाक उलटा पडल्याने दाब तयार होत नाही, आणि रस्त्याच्या पातळीपर्यंत थोडेच पाणी चढते. दोन तारा बदलून पंप पुन्हा खाली सोडताच पाइपातून भरगच्च धार पडू लागली.

ती धार पाहून व्यापाऱ्यांना हुरूप आला आणि कोणीतरी डिझेल इंजिनाचा पंपही आणून उभा केला. संध्याकाळपर्यंत तळ दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याला मी ठाम विरोध केला, आणि त्या दिवसातला खरा वाद येथेच झाला. इमारतीच्या मागे एक जुना आड होता. दोरी सोडून पाहिले, तर त्यातले पाणी तळघरातल्या पाण्याहून वर होते. म्हणजे भोवतालची जमीन अजून पाण्याने भरलेली होती. आतले पाणी त्या वेळी बाहेरच्या दाबाला तोलून धरत असते. एक फूट पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो, आणि चार इंची काँक्रीटच्या फरशीचे वजन तेवढ्याच जागेत सुमारे २५० किलो. आतले पाणी झटक्यात काढले, तर फरशी उचलली जाऊ शकते, भिंत आत ढकलली जाऊ शकते. शेठ हिशेबाचे पक्के असल्यामुळे त्यांना आकडे पटले. डिझेल पंप परत गेला, आम्ही सुमारे अडीच फूट पाणी काढून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि थांबलो. सकाळी पाणी रेघेच्या वर आले होते, म्हणून आडाची पातळी उतरेपर्यंत वाट पाहिली आणि पुढचे पाणी टप्प्याटप्प्याने काढले.

नंतर पॅनेलमध्ये फेजचा क्रम चुकल्यास पंप सुरूच होऊ न देणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) बसवला. दर मे महिन्यात संपमधला गाळ काढायचा, जाळी धुवायची, फ्लोट केबलीत अडकत नाही ना ते पाहायचे आणि बादल्यांनी पाणी ओतून पंप आपणहून सुरू होऊन थांबतो का ते तपासायचे, असे ठरले. नुसते बटण दाबून पाहणे पुरेसे नाही, कारण बटणाने फ्लोटची परीक्षा होत नाही. शिवाय सबमर्सिबल मोटार पाण्यानेच थंड राहत असल्याने कोरडी चालवल्यास सील खराब होते.

निघताना शेठनी विचारले, "आता पुन्हा पूर आला तर हा पंप तळघर वाचवेल ना?" मी नाही म्हणालो. मिनिटाला ३०० लिटर उपसणारा पंप पाझर आणि पावसाचे पाणी सांभाळतो. नदीच रॅम्पवरून आत आली, तर वीज तोडून पंप साखळीने वर काढून ठेवायचा आणि तळघरातला माल वेळेत वरच्या मजल्यावर न्यायचा.