२०६चा हौदा, तिसरा आठवडा: मॅटखाली काय निघालं

गेल्या वेळी लिहिलं होतं की काकांच्या टाटामोबाइल २०६ पिकअपचा हौदा वरून ठीक आहे, फक्त रंग मारायचा. ते चुकलं. रबर मॅट उचलली, केबिनला लागून असलेल्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो जोर न लावता आरपार गेला. कडेला नख घातलं की खारीसारखे पापुद्रे सुटत होते. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक बसतात तिथे तो त्यांना आतून फाकवतो आणि पाणी आणखी आत शिरतं.

या गाडीने मालवण बंदरावरची मासळी वर्षानुवर्षं वाहिली. बर्फाचं खारं पाणी हौद्यात गळायचं. हौदा रोज धुतला जायचा, पण मॅट काढून कधीच नाही. निचऱ्याची दोन्ही भोकं खवल्यांनी बुजलेली. पत्र्याला ओरखडे पडू नयेत म्हणून घातलेल्या मॅटनेच तो सडवला.

कुजका भाग कापून २ मिमी पत्रा वेल्ड केला, ते एका दिवसात झालं. खड्डे पडलेल्या भागाने मात्र आठवडा खाल्ला. वायर ब्रशने चकचकीत केलेला पत्रा सकाळी बघतो, तर प्रत्येक खड्ड्यात मोहरीएवढा नारिंगी ठिपका! आत मीठ बसलेलं. ते ब्रशने निघत नाही, गोड्या पाण्यानेच निघतं. घासून धुवायचं, उन्हात वाळवायचं, परत ब्रश. अशा चार फेऱ्या केल्या. पाचव्या सकाळी ठिपके नव्हते, तेव्हाच रंगाचा डबा उघडला. कोकणात कोणी हे काम करत असेल तर कळकळीने सांगतो, ही पायरी सोडू नका. मिठावर मारलेला रंग फुगणारच.

झिंक (जस्ताचा) प्रायमर फक्त नव्या पत्र्यावर आणि घासलेल्या वेल्डवर मारला. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, पण त्यासाठी ते उघड्या लोखंडाला भिडायला हवं. खड्ड्यांना फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा घट्ट थर बनवणारं द्रावण) लावलं. त्या थरामुळे जस्त लोखंडाला भिडत नाही, म्हणून तिथे झिंक नाही, टू-पॅक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा रंग).

ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा) टाकायचा सल्ला दोघांनी दिला. दिसते छान. पण खाऱ्या पाण्यात ती लोखंडाला टेकली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते, आणि खाली परत पाणी साचायला जागा होते. त्यापेक्षा पत्र्याला घट्ट चिकटणारा पॉलियुरेथेन लायनर, आणि पेट्यांसाठी वर उचलून काढता येईल अशी लाकडी पट्ट्यांची जाळी.

भोकं आता चार केली आहेत, चारही कोपऱ्यांत. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, कुठेच साचलं नाही. लायनर मिरगाआधी व्हायला हवा. फाळका अजून उघडलेला नाही. त्याच्या खालच्या काठावर रंग फुगलाय. पुढचा आठवडा तिथेच जाणार.