नावाचं वचन

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली उभं केलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी. नाव ऐकून माणूस पेण-अलिबागकडचा वाटतो, आणि बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू, म्हणून तो होताही तिथलाच. 'दिवेकर' गावावरून आलं, 'जी' आपल्याकडचा. ही दोन्ही टरफलं सोलली की आत हिब्रू नावं मिळतात: शमुएल आणि त्यांच्या वडिलांचं यहेज्केल.

ज्यू प्रार्थनेत एक छोटीशी प्रथा आहे. अमीदा, म्हणजे उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, संपत आली की तीन पावलं मागे सरण्याआधी आपल्या नावाचं एक वचन हळूच म्हणायचं. नावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारं आणि शेवटच्या अक्षरावर संपणारं हिब्रू शास्त्रातलं, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं वचन. किंवा ज्यात ते नावच आलंय, असं. न्यायाच्या दिवशी नाव विचारलं आणि घाबरून आठवलंच नाही तर? म्हणून ही तयारी, अशी जुनी समजूत. आपल्याकडे आधी राशीचं अक्षर निघतं आणि मग त्यावरून नाव शोधतात. इथे नाव आधी ठरलेलं, वचन मागून येतं.

सगळा घोटाळा होतो तो कानामुळे. हसाजी 'ह'चा वाटतो, पण यहेज्केल सुरू होतं योद या हिब्रू अक्षराने ('य') आणि संपतं लामेदवर ('ल'). जेकब, जोसेफ, आयझॅक हे तिघेही योदचेच. इंग्रजीने त्यांना 'ज' आणि 'आ' चिकटवलाय. सॅम्युअल, सारा, सॉलोमन हे 'स'चे नव्हेत, शीनचे. अब्राहाम आलेफचा, पण एज्रा आयिनचा. देवनागरीत दोघंही स्वरच. हाईम आणि हन्नामधला 'ह' घशातला, हेथ. हिलेलमधला साधा हे. शेवटाला तर आणखी फसगत. सारा, हन्ना, मोशे यांच्या शेवटी उच्चारात न येणारा हे असतो, आणि एज्राच्या शेवटी आलेफ. तेव्हा नाव हिब्रूत लिहिलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वचन शोधायला बसू नये. मेम, नून, पे, काफ आणि सादे शब्दाच्या शेवटी वेगळ्या आकारात लिहितात, पण अक्षर तेच. त्याला बिचकायचं कारण नाही.

शोधायचं कुठे? बऱ्याच प्रार्थनापुस्तकांच्या शेवटी तयार यादी असते. स्वतः शोधण्यात मजा जास्त. सुरुवात बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या, हिब्रू अक्षरानुक्रमाने रचलेल्या स्तोत्रांपासून करावी: २५, ३४, ३७, १११, ११२, ११९, १४५. हेथने सुरू होऊन मेमवर संपणारं हाईमचं वचन चौतिसाव्यात हेथच्याच जागी सापडतं: परमेश्वराचा दूत त्याचं भय धरणाऱ्यांभोवती छावणी घालतो आणि त्यांना सोडवतो. मात्र नाथानने १४५व्यात वेळ घालवू नये. तिथे नूनची ओळच नाही.

ओळी मोजतानाही चूक होते. हिब्रूत स्तोत्राचा मथळा बहुधा पहिलं वचन म्हणून मोजतात, मराठी बायबलात मोजत नाहीत. याकोबचं वचन हिब्रूत २०:२, म्हणजे विसाव्या स्तोत्रातलं दुसरं, मराठीत २०:१. संकटाच्या दिवशी परमेश्वर तुझं ऐको, असं ते सुरू होतं आणि संपतं 'याकोबाच्या देवा'वर. अक्षरंही जुळली, नावही आलं. दाविदचं १०५:४ मात्र दोन्हीकडे तेच, कारण त्या स्तोत्राला मथळा नाही. 'दिर्शू' म्हणजे शोधा, 'तामीद' म्हणजे नित्य: दालेथपासून दालेथपर्यंत. हसाजींना ११८:१६ लागू पडतं: परमेश्वराचा उजवा हात उंचावला आहे, परमेश्वराचा उजवा हात पराक्रम करतो. शमुएलसाठी ११९व्यात जाऊन पाहावं. त्यात २२ अक्षरांची प्रत्येकी आठ वचनं, एकूण १७६. आजाऱ्यासाठी किंवा गेलेल्या माणसाच्या स्मरणदिनी त्याच्या नावाची अक्षरं घेऊन हे स्तोत्र म्हणतात. शमुएलची हिब्रूत अक्षरं पाच, म्हणजे चाळीस वचनं.

अक्षरांच्या बेरजा करून भविष्य काढणाऱ्यांशी याची गल्लत करू नये. इथे काही सिद्ध होत नाही. अर्थ बघून वचन निवडायला गेलो तर प्रत्येक जण आपल्याला गोड लागेल तेच उचलेल; दोन अक्षरांची अट घातली की समोर येईल ते घ्यावं लागतं, आणि मग रोज म्हणता म्हणता ते उलगडतं.

एस्तेरचंच बघा. आलेफने सुरुवात, रेशने शेवट. तिला मिळतं विसाव्या स्तोत्रातलं, हिब्रूत आठवं, मराठीत सातवं वचन: कोणी रथांचा, कोणी घोड्यांचा आधार सांगतात, आम्ही मात्र आमचा देव परमेश्वर याच्या नावाचं स्मरण करतो. शेवटचा शब्द 'नाझकीर', स्मरण करतो. आणि एस्तेरच्या नावाचं जे पुस्तक हिब्रू शास्त्रात आहे, त्यात परमेश्वराचं नाव एकदाही येत नाही.